टोपीखालचे डोळे

शिकारी शंभूचे डोळे कुणी पाहिलेत? 'टिंकल' १९८० साली सुरू झालं, शंभू त्यात १९८३ मध्ये आला, आणि आल्यापासून त्याची सोला हॅट नाकापर्यंत ओढलेली. हॅटखाली नाक, नाकाखाली झुपकेदार मिशी, हातात बंदूक, आणि आत काठोकाठ भरलेला घाबरटपणा. हे सगळं वसंत हळबे यांच्या हातचं. मी तीसेक वर्षं सिनेमे बघतोय, गाणी ऐकतोय, जुने कॉमिक्स धुंडाळत फिरतोय, पण इतकी धाडसी रेघ फार थोड्या ठिकाणी पाहिली. धाडसी अशासाठी की घाबरलेला माणूस काढायचा म्हटलं की कुठलाही चित्रकार आधी डोळे विस्फारतो. दोन गोल, आत दोन ठिपके, झालं काम. हळबेंनी ही सोपी वाट स्वतःहून बंद करून घेतली.

मग वाघ समोर आल्यावर शंभूची गाळण उडाली हे सांगायचं कशानं? तर गुडघ्यांनी, मिशीनं, पाठीच्या बाकानं, हॅटभोवती उडणाऱ्या घामाच्या थेंबांनी. एखादा जुना अंक हाती लागला तर शंभूचा चेहरा बोटानं झाका आणि नुसतं शरीर बघा. पाय पळायच्या दिशेनं, धड अजून जागेवर, बंदुकीची नळी तिसरीकडेच. एका आकृतीत तीन निर्णय, आणि तिन्ही एकमेकांच्या विरोधात. चेहऱ्याची मदत नसल्यामुळे साऱ्या अंगाला अभिनय करावा लागतो.

शिवाय ही हॅट म्हणजे नुसती ओळखीची खूण नव्हे, गोष्टीचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. शंभू भित्रा आहे हे त्याला ठाऊक, आपल्याला ठाऊक. गावाला मात्र तो महान शिकारी वाटतो. का वाटतो? कारण गावानं त्याचे डोळे बघितलेले नाहीत. झाडावरून घसरून तो नेमका पिंजऱ्याच्या दारावर पडतो, दार बंद होतं, बिबळ्या आत अडकतो, आणि हॅटखालून काहीच दिसत नसल्यामुळे लोकांना वाटतं, वा, काय थंड डोक्याचा माणूस! डोळे दिसले असते तर पहिल्याच चौकटीत बिंग फुटलं असतं.

याउलट राम वाईरकरांचा सुप्पंडी. निमुळतं डोकं, वर केसांचा झुबका आणि डोळे टक्क उघडे. त्याच्या डोक्यात काही नाही, तेव्हा लपवण्यासारखंही काही नाही. मालकानं सांगितलेलं शब्दशः करून तो निरागसपणे बघत राहतो, आणि विनोद त्या बघण्यातच असतो. प्रदीप साठे यांच्या कालिया कावळ्याचे डोळे चलाख. ही तीन पात्रं एकाच मासिकात शेजारी शेजारी नांदली आणि तिन्ही मराठी चित्रकारांची. आपल्याकडे हे किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.

डोळे लपवण्याची विद्या अर्थात जुनी. ली फॉकचा वेताळ १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापून आला. काळ्या मुखवट्यात डोळ्यांच्या जागी दोन पांढरे तुकडे, बाहुल्या नाहीत. ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांवरून हे सुचल्याचं फॉकनं सांगून ठेवलं आहे. आपल्याकडे तो आला १९६४ च्या मार्चमध्ये, टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समधून. इंद्रजाल मराठीतही निघे. १९९० पर्यंत ते चाललं, आठशेच्या आसपास अंक निघाले. बंगाल्याशी गल्लत नको म्हणून वेताळाच्या मुलखाचं नाव आपल्याकडे डेंकाली झालं, सिंग चाचे सिंगा झाले. आम्हा पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या लेखी डेंकाली हा कर्जतच्या पलीकडे कुठेतरी असलेला देश होता.

वेताळाचा चेहरा जो पाहील त्याला भयंकर मरण येतं, अशी जंगलातली म्हण त्या गोष्टींत येई. चित्रकारांनीही ती जणू स्वतःला लावून घेतली होती. गुहेत, घरात मुखवटा उतरला की वेताळ पाठमोरा, नाहीतर चेहऱ्यावर सावली. शहरात जाताना चौकड्यांचा ओव्हरकोट, हॅट आणि काळा गॉगल. म्हणजे मुखवटा काढला तरी डोळे झाकलेलेच. साय बॅरीच्या रेखाटनात काळ्या शाईचे मोठमोठे पट्टे असत, जबड्याची रेघ धारदार असे, आणि वर ते दोन पांढरे तुकडे. रागावलेला वेताळ आणि हळवा झालेला वेताळ यांच्या डोळ्यांत काडीचा फरक नसे. तरीही प्रेयसी डायनाशी बोलताना ते पांढरे तुकडे मऊ वाटत आणि चाच्यांपुढे थंडगार. फरक कोण करी? आपणच.

आवाजाचंही तसंच. माझ्या धाकट्या काकाला मोठ्यानं वाचून दाखवायची हौस होती. त्याचा आवाज घोगरा, त्यात सिगारेटची खरखर. वेताळ आमच्या घरी त्या आवाजात बोले. शेजारच्या घरात तो वेगळ्या आवाजात बोलत असणार. फुग्यात छापलेल्या संवादाला आवाज नसतो, प्रत्येक घर आपापला लावून घेतं. वेताळ सर्वांचा होऊ शकला त्याचं एक कारण मला हे वाटतं: डोळे आणि आवाज या माणसाच्या सगळ्यांत खासगी दोन गोष्टी त्यानं वाचणाऱ्यावर सोडल्या होत्या.

फॉकचाच जादूगार मँड्रेक मला कधी तितका आवडला नाही. रेशमी टोपी, झगा, बारीक मिशी, आणि बोटं हलवून समोरच्याला भुरळ घालणं. त्याचे डोळे दिसतात आणि सतत काहीतरी करत असतात. भुरळ त्या गोष्टीतल्या खलनायकाला पडते, आपल्याला नाही. आबिद सुरती यांचा बहादूर, जो १९७६ च्या अखेरीला इंद्रजालमध्ये आला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढला, तो मात्र उघड्या चेहऱ्याचा असून आवडला. भगवा कुडता आणि जीन्स घातलेला तो डाकूचा मुलगा होता. लपवायचं ते सगळं त्याच्या भूतकाळात होतं, त्यामुळे मुखवट्याची गरज नव्हती.

आता सुप्रिमो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमिताभ बच्चनला कॉमिक्सचा नायक करण्याचा घाट घातला गेला. कल्पना पम्मी बक्षी यांची, पटकथेचे सल्लागार गुलजार आणि चित्रं प्रताप मुळीक यांची. पुण्याचे हे मुळीक म्हणजे अमर चित्र कथेचे खंदे चित्रकार. पुढे १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज पहिल्यांदा त्यांनीच काढला. हाताबद्दल प्रश्नच नाही. सुप्रिमोच्या पानांवरही घोडे, समुद्र, विमानं, मारामाऱ्या झकास आहेत. सोबतीला शाहीन नावाचा ससाणा, सोनाली नावाची डॉल्फिन, आणि विजय, अँथनी ही अमिताभच्या भूमिकांवरून नावं दिलेली दोन मुलं. एवढा सरंजाम असून मालिका फार टिकली नाही. कारणं धंद्याची असतील, ती मला सांगता येणार नाहीत. चित्राची बाजू मात्र मला स्पष्ट दिसते. सुप्रिमोला अंगासरशी पोशाख आणि डोळ्यांवर गॉगल दिला होता. 'जंजीर'पासून, म्हणजे १९७३ पासून, या नटाचं भांडवल काय होतं? डोळे आणि आवाज. आवाज छापता येत नाही, तरी तो वाचणाऱ्याच्या कानात आधीच भरलेला होता, तेव्हा तिथे निभावलं. डोळे मात्र गॉगलखाली गेले आणि अमिताभचा नुसता भांग उरला. वेताळाचे डोळे आपण कधी पाहिलेलेच नव्हते म्हणून ते कल्पावेसे वाटले. अमिताभचे पाहिलेले होते. माहीत असलेली वस्तू झाकली की कुतूहल वाढत नाही, चुकल्याचुकल्यासारखं होतं.

डोळ्यांचा विषय निघाला की ठाण्यातल्या कोलशेतच्या माणसाला एक नाव आठवणारच. मी राहतो तिथून सगळ्यांत जवळचं नाट्यगृह म्हणजे हिरानंदानी मेडोजमधलं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. ज्याच्या घाऱ्या डोळ्यांवर एक पिढी फिदा होती त्या नटाचं नाव. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या यांबद्दल बोलताना जुनी माणसं आजही आधी डोळ्यांवर येतात. मला याचं फार दिवस कोडं होतं. 'पाठलाग' सिनेमात डोळे दिसतात हे ठीक. तिथे कॅमेरा जवळ जातो. पण नाटकात? शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाच्या डोळ्यांचा रंग दिसतो होय? बाल्कनीतून तर नट वीतभर दिसतो. तरी बाल्कनीत बसलेले लोकसुद्धा शपथेवर डोळ्यांचं सांगतात. माझा तर्क असा की त्यांनी पाहिली ती मानेची झटक, खांदा वळवून थांबणं, वाक्याआधीचा क्षणभराचा उशीर; आणि त्यावरून डोळे आपले आपण रंगवून घेतले. वर्तमानपत्रांतले, सिनेमातले फोटो होतेच मदतीला. २०१८ मध्ये सुबोध भावेनं पडद्यावर घाणेकर उभे केले तेव्हा लेन्स लावून तो घारा रंग आणला. काम उत्तम झालं होतं. पण मला तो सिनेमा जिथे पकडून ठेवतो ती दृश्यं डोळ्यांची नाहीत. प्रेक्षकांकडे पाठ करून तो एन्ट्रीआधी विंगेत उभा असतो तेव्हाची आहेत.

कोलशेतचं सांगायचं तर हा खाडीकाठचा आगरी-कोळ्यांचा गाव. पलीकडच्या तीरावर काल्हेर, कशेळी. एका बाजूला हवाई दलाच्या तळाची भिंत, रसायनांचे मोठे कारखाने होते तिथे आता तीस-चाळीस मजली टॉवर. अशाच एका टॉवरात मीही राहतो, तेव्हा जास्त बोलणं बरं नाही. पण लग्नसराईत गावठाणातून हळदीचा आवाज आमच्या मजल्यापर्यंत येतो आणि काय चाललंय ते न बघता कळतं: आता बँड, आता डीजे, आता पुन्हा बँड. डीजेपुढे धवले कुठले ऐकू येणार? आगरी लग्नातली धवलारीण मी जवळून ऐकली आहे ती एकदाच, एका मित्राच्या घरी. मांडवात सगळ्यांच्या नजरा नवरानवरीवर. गाणाऱ्या बाईकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि तीही कुणाकडे बघत नव्हती. पण एकेक विधी सरकत होता तो तिच्या सुरावर. तिच्या आवाजाला कुणाच्या नजरेची गरज नव्हती. किशोरी आमोणकर डोळे मिटून, मांडीवरच्या स्वरमंडलावर बोटं ठेवून षड्ज लावत तेव्हा मला तीच आठवे. घराण्याचा, शिक्षणाचा, सगळा फरक मान्य करूनही. आवाज बघणाऱ्याची पर्वा सोडून आत वळतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्याच्या मागोमाग आत जावं लागतं. (किशोरीताईंनी संगीत दिलेल्या गोविंद निहलानींच्या १९९० मधल्या सिनेमाचं नाव 'दृष्टी' असावं, हा निव्वळ योगायोग.)

आपल्या सिनेमात तर डोळे एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, ही रीतच. तिची आपल्याला इतकी सवय आहे की त्यातलं नवल जाणवत नाही. 'जैत रे जैत' मध्ये ते मला पुन्हा जाणवलं. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, वर्ष १९७७. ठाकरवाडीतल्या ढोलवाल्या नाग्याचा एक डोळा लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी घेते, आणि तो तिच्याशी वैर धरतो. मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटीलची चिंधी. एकाचा डोळा गेलेला, दुसरीचे डोळे मराठी पडद्यावरचे सगळ्यांत बोलके. स्मिता बघते ती सरळ, समोरच्याला न सोडता. आणि त्या बघण्याला गाण्यांत आशाबाईंचा गळा लागतो. सांधा कुठेच दिसत नाही. दिसत नाही याचं श्रेय मी हृदयनाथांना देतो. त्यांनी गाणी सिनेमात पेरली नाहीत, सिनेमाच गाण्यांतून सांगितला. ढोल वाजायला लागला की पात्र कधी बोलतंय आणि कधी गातंय याचा हिशेब आपण सोडून देतो. शेवटी पोळी उतरतात, नाग्याची जैत होते, आणि माश्यांच्या दंशानं चिंधी जाते. ज्या डोळ्यांसाठी आपण सिनेमाभर जागे होतो ते मिटतात. नाग्याचा गेलेला डोळा आणि चिंधीचे मिटलेले डोळे, या दोहोंमध्ये तो सगळा सिनेमा बसलेला आहे, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

पण डोळे आणि कान यांची खरी परीक्षा घेतली ती सई परांजपे यांनी. 'स्पर्श'. नसीरुद्दीन शाह अंधशाळेचा प्राचार्य अनिरुद्ध, शबाना आझमी विधवा कविता. १९७९ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, अभिनेता आणि पटकथा असे तिन्ही मान या सिनेमाला मिळाले. गोष्ट सुरू होते ती गाण्यानं. अनिरुद्ध डॉक्टरकडे निघालाय, वाटेत कानावर गाणं पडतं, आणि तो डॉक्टरऐवजी त्या गाण्याच्या दाराशी जाऊन उभा राहतो. गळा सुलक्षणा पंडित यांचा, संगीत कनू रॉय यांचं, शब्द इंदू जैन यांचे. हिंदी सिनेमात नायक नायिकेच्या आवाजानं ओढला जातो हे नवं नाही. पण एरवी दार उघडलं की चेहरा दिसतो, आणि आवाजाचं काम संपतं. इथे संपत नाही. दार उघडल्यावर आपल्याला शबाना दिसते. त्याच्यासाठी ती अजून आवाजच आहे. त्या क्षणी प्रेक्षक आणि नायक वेगळे होतात. आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळलंय असा आपला समज होतो.

तो समज पुढे एका छोट्या पार्टीत मोडतो. अनेक माणसं, बोलण्याचा गलका, आणि अनिरुद्ध तिला ओळखतो ते आवाजावरून. ती आपल्याला आधीपासून दिसत असते आणि तरी 'ही तीच' हे कळण्यातला आनंद त्याच्या वाट्याला येतो. बघणाऱ्यांना ओळखण्याचं सुख नाही; ते सतत दिसण्यात खर्च झालेलं असतं. सईबाईंनी यावर एक शब्द भाष्य केलेलं नाही. दृश्य मांडून त्या पुढे गेल्या आहेत.

नसीरच्या कामाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, मी फक्त डोळ्यांचं बोलतो. आपल्याकडे आंधळा वठवायचा म्हणजे काळा चष्मा, पांढरी काठी, वर केलेली हनुवटी आणि चाचपडणारे हात. नसीर यातलं जवळजवळ सगळं टाळतो. त्याचे डोळे उघडे आहेत आणि ते कुणाकडेच बघत नाहीत. ही गोष्ट नटाला किती अवघड! समोर शबाना बोलत असताना नजर तिच्यावर ठरू द्यायची नाही, आणि ती चुकवतोय असंही वाटू द्यायचं नाही. मग ऐकतो कशानं? तर मानेच्या किंचित कलानं, आणि ओठांच्या कडांनी. उत्तर तयार होतं ते आधी ओठांवर दिसतं. अनिरुद्ध मानी आहे. मदतीचा हात पुढे झाला की चिडतो. ती चीडही डोळ्यांत नाही, बोटांत आहे. हळबेंचा शंभू आणि नसीरचा अनिरुद्ध यांना एका ओळीत बसवलं म्हणून कुणी हसेल. खुशाल हसावं. दोघांच्याही कर्त्यांनी सगळ्यांत सोपं साधन बाजूला ठेवलं आणि उरलेल्या शरीराला कामाला लावलं.

'स्पर्श'चा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका आवडत नाही, हेही सांगून टाकतो. कविता लग्नाला तयार झाली ती प्रेमानं की त्यागाच्या ओढीनं, ही शंका अनिरुद्धला पोखरते. शंका रास्त आहे. पण ती पुन्हा पुन्हा संवादांतून समजावली जाते. ओम पुरींचा दुबे येतो तेव्हा मात्र सिनेमा परत श्वास घेतो, कारण तो माणूस बोलतो त्याहून त्याचं गप्प बसणं जास्त सांगतं.

शेवटी एक विनंती. दिलीप कदमांनी १९७९ साली अमर चित्र कथेसाठी बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र काढलं. मुळीक, वाईरकर, हळबे, साठे यांनी शेकडो पानं काढली. ही नावं अंकाच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापलेली असतात, काही जुन्या अंकांत तर तीही नसतात. माळ्यावर मराठी इंद्रजाल, अमर चित्र कथा, 'टिंकल'चे अंक पडून असतील तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला किलोवर घालू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, इतर गावांतही वाचनालयं आहेत. तिथे विचारून बघा. देण्याआधी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चित्रकाराचं नाव पेन्सिलीनं लिहा. आपल्याला माहीत असेल तर.